चौथ्या मजल्यावरचा मसीह

शारजात राहतो म्हटलं की भारतातले मित्र दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला क्रिकेटचा. १९८६ साली मियांदादने चेतन शर्माला शेवटच्या चेंडूवर मारलेली सिक्सर आपल्याकडे अजून कुणी विसरायला तयार नाही! आणि मी वसईचा ख्रिस्ती आहे हे ज्यांना ठाऊक आहे ते दुसरा प्रश्न जरा आवाज खाली आणून विचारतात, "काय रे, तिथे तुम्हाला चर्चमध्ये जाऊ देतात का?"

तर मंडळी, जाऊ देतात. शारजाच्या यार्मूक भागात चर्चची एक छोटी वसाहतच आहे. आमचं सेंट मायकल्स कॅथलिक चर्च तिथे आहे, अँग्लिकनांचं सेंट मार्टिन्स आहे, १९९८ साली झालेलं आर्मेनियन चर्च आहे आणि २०११ साली झालेलं, घुमटांचं, रशियन ऑर्थोडॉक्स चर्चही आहे. पूर्वी इथे शुक्रवारी सुट्टी असायची म्हणून रविवारची मिस्साही आम्ही शुक्रवारी ऐकत असू. आपल्याकडे कुणाला सांगितलं तर हसायचे. जानेवारी २०२२ पासून देशाची सुट्टी शनिवार-रविवार झाली (शारजाने शुक्रवारही ठेवला, म्हणजे आम्हाला तीन दिवस!) आणि रविवार पुन्हा रविवारी आला. मिस्सा इंग्रजीत, मल्याळममध्ये, तगालोगमध्ये, अरबीत. अरबी मिस्सेत देवाला 'अल्लाह' म्हणतात हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी शेजाऱ्याकडे बघितलं होतं. अरबी बोलणारे ख्रिस्ती शतकानुशतकं तोच शब्द वापरत आले आहेत. मराठी मिस्सेसाठी मात्र मी वसईची सुट्टी राखून ठेवतो.

पण आज लिहायचंय ते चर्चबद्दल नाही. मिस्सा संपल्यावर, गाडी पार्किंगमधून काढल्यावर, पुढचे सहा दिवस ख्रिस्त कुठे असतो, याबद्दल लिहायचंय. प्रश्न जरा भाबडा वाटेल, पण आमच्या श्रद्धेचा सगळा कस तिथेच लागतो.

वसईत आमच्या घरी चर्चला 'देऊळ'च म्हणत. "देवळात जाऊन आलास का?" हा आजीचा संध्याकाळचा प्रश्न. वेदीमागच्या पेटीत ख्रिस्तशरीर ठेवलेलं असतं आणि त्याच्याजवळ एक दिवा सतत तेवत असतो. दिवा आहे म्हणजे तो घरी आहे, असं आजीने शिकवलेलं. कॅथलिकांची श्रद्धा अशी की मिस्सेत पवित्र केलेल्या भाकरीत ख्रिस्त खरोखर हजर असतो, नुसती आठवण म्हणून नव्हे. लहानपणी हे सोपं होतं. गुडघे टेकायचे, दिव्याकडे बघायचं, बाहेर येऊन सायकल काढायची.

आजीचं दुसरं शिक्षण स्वयंपाकघरातलं होतं. जेवायच्या वेळेला दारात कुणीही आलं, पोस्टमन, केळीच्या बागेतला गडी, कुणाचा तरी वाट चुकलेला पाहुणा, की ताट वाढायचं. का म्हणून विचारलं तर सांगायची, "तो कुठल्या कपड्यात येईल सांगता येत नाही." तो म्हणजे कोण, हे विचारायची गरज नव्हती.

पुढे मी पीएच.डी.साठी नेदरलँड्सला गेलो, डेल्फ्टला. विषय होता समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या पडद्यांचा, म्हणजे मेंब्रेनचा. गावाच्या चौकात न्यूव केर्क हे प्रचंड चर्च आहे, शंभर मीटरहून उंच मनोऱ्याचं. डच राष्ट्राचा जनक विल्यम ऑफ ऑरेंज, ज्याचा १५८४ साली डेल्फ्टमध्येच खून झाला, त्याची कबर तिथे आहे. आत जायला तिकीट. मी तिकीट काढून गेलो, सुंदर आहे, फोटो काढले. पण वसईच्या त्या दिव्याची सवय असलेल्या माणसाला तिथे कुणाच्या तरी घरी गेलो आणि घरचे लोक गावाला गेलेले, असं वाटतं. (चर्च प्रोटेस्टंट आहे, तिथे तसा दिवा नसणारच, हे डोक्याला कळत होतं.) चार वर्षं माझ्या श्रद्धेचंही साधारण तसंच चाललं होतं. भांडण काही नव्हतं, पण भेटगाठही नव्हती.

त्या काळात शुभवर्तमानं पुन्हा वाचताना इंजिनिअरच्या नजरेला एक गोष्ट खटकली. पुनरुत्थान झालेल्या येशूला पहिल्या फटक्यात जवळजवळ कुणीच ओळखत नाही! मग्दालिया मरियेला तो माळी वाटतो. तळ्यावर मासे धरणाऱ्या शिष्यांना तो काठावरचा कुणी अनोळखी माणूस वाटतो. आणि सगळ्यात गमतीची गोष्ट अम्माऊसची. यरुशलेमहून सुमारे अकरा किलोमीटरवरच्या या गावी दोन शिष्य निराश होऊन चाललेले. वाटेत एक प्रवासी सामील होतो, धर्मशास्त्रावर लांबलचक बोलतो, तरी यांना पत्ता नाही. गावात पोचल्यावर संध्याकाळ झाली म्हणून ते त्याला थांबवून घेतात, तो जेवताना भाकर हातात घेऊन मोडतो आणि त्या क्षणी त्यांना कळतं. कळताक्षणी तो दिसेनासा होतो.

म्हणजे चेहऱ्यावरून ओळख पटत नाही. मरियेला पटते ती नावाने मारलेल्या हाकेवरून, कोळ्यांना भरलेल्या जाळ्यावरून, या दोघांना भाकरीवरून. प्रत्येक वेळी काहीतरी घडावं लागतं. आणि मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात तर न्यायाच्या दिवशी सज्जन लोकसुद्धा गोंधळून विचारतात, की प्रभू, तुला भुकेला आम्ही पाहिलं तरी कधी? म्हणजे ज्यांनी वाढलं त्यांनाही पत्ता नव्हता!

असो. डेल्फ्टहून मी शारजाला आलो. इथल्या एका संशोधन केंद्रात खाऱ्या पाण्यातलं मीठ काढण्याचंच काम करतो. राहतो रोल्लात. ऑफिसातले लोक विचारतात, पगार बरा असून रोल्लात का राहतोस? आता ज्या भागात रात्री अकराला कढीपत्ता मिळतो आणि रस्त्यावर पाच भाषांत भांडणं ऐकू येतात, तो सोडून कुठे जायचं?

रोल्ला हे नाव एका वडाचं. इथे वडाला 'रोल्ला' म्हणत. तो अवाढव्य वड या गावाची सावली होता, त्याच्याखाली लोक जमत, ईदचे झोपाळे टांगले जात. १९७८ साली तो पडला. आता त्या चौकात बाग आहे आणि वडाची आठवण म्हणून एक शिल्प. संध्याकाळी तिथे गवतावर बसलेले शेकडो लोक दिसतात, केरळचे, बांगलादेशचे, पेशावरचे, सिलहटचे. झाड गेलं तरी लोक सावलीला यायचे थांबलेले नाहीत.

आमची इमारत जुनी, सात मजल्यांची. बऱ्याच फ्लॅटमध्ये 'बेडस्पेस', म्हणजे एका खोलीत सहा-आठ जण, प्रत्येकाची एक कॉट आणि कॉटला लावलेला पडदा. तळमजल्यावर कासरगोडच्या माणसाची ग्रोसरी. तो मुसलमान, सगळे त्याला 'इक्का' म्हणतात, मल्याळममध्ये मोठा भाऊ. दुसऱ्या मजल्यावर केरळची नर्स, ती 'चेची'. तिसऱ्यावर फिलिपिनो लोकांचा फ्लॅट, त्यांच्यातला वडीलधारा तो 'कुया', तगालोगमध्ये पुन्हा मोठा भाऊच. सातव्यावर मंगळूरच्या बाई आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेले त्यांचे यजमान. आणि चौथ्या मजल्यावरच्या बेडस्पेसमध्ये पाकिस्तानी पंजाबातला एक ख्रिस्ती माणूस, वय पंचेचाळीसच्या आसपास. त्याला सगळे 'मसीह' म्हणायचे.

हे नाव जरा समजावून सांगायला हवं. मसीह म्हणजे ख्रिस्तच, अभिषिक्त. पाकिस्तानी पंजाबातले असंख्य ख्रिस्ती लोक आडनावाच्या जागी हेच लावतात. त्यांच्यातले बहुतेक मूळचे दलित. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तिथे गावंच्या गावं ख्रिस्ती झाली, पण सफाईचं काम काही सुटलं नाही. आपल्या नगर-जालन्याकडच्या ख्रिस्ती बांधवांची गोष्ट ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे ओळखीचं वाटेल. तर हा मसीह एका कंपनीत साफसफाईच्या कामाला होता. जिन्यात भेटला की मान खाली घालून "सलाम, सर" म्हणायचा. बस, एवढीच ओळख.

मंगळवार, १६ एप्रिल २०२४. या देशात १९४९ पासून पावसाची नोंद ठेवतात, त्यातला सगळ्यात मोठा पाऊस त्या दिवशी पडला. अल ऐन भागातल्या एका केंद्रावर चोवीस तासांच्या आत २५४ मिलिमीटरच्या वर नोंद झाली. दुबई विमानतळावर १४२ मिलिमीटर, जिथे वर्षाची सरासरी आहे ९५ च्या आसपास. वसईच्या माणसाला आकडे ऐकून हसू येईल, आमच्याकडे जुलैत एवढा पाऊस कुणी पेपरात छापत नाही! पण वसईला उतार आहे, ओढे आहेत, खाडी आहे. इथली शहरं वाळवंटाच्या हिशेबाने बांधलेली. पाणी जायला वाट नाही, मग ते बसून राहतं. शारजाच्या काही भागांत ते आठवड्याहून जास्त बसलं.

आमच्या इमारतीत विजेच्या खोलीत पाणी शिरलं. वीज गेली, लिफ्ट बंद, पंप बंद. बुधवारी दुपारपर्यंत गच्चीवरच्या टाक्या रिकाम्या. मी पाणी शुद्ध करणारा डॉक्टर, आणि माझ्या नळाला पाणी नाही!

इक्काच्या दुकानात गुडघाभर पाणी होतं. वरच्या फळ्यांवरचा माल वाचला होता. बुधवारी संध्याकाळी त्याने खुबूसची पाकिटं पोत्यात भरली आणि पहिल्या मजल्याच्या जिन्यात आणून बसला. खुबूस म्हणजे इथली भाकर, गोल, चपटी, गरीब-श्रीमंत सगळ्यांची. माणसं जास्त, खुबूस कमी. मोबाइलच्या उजेडात इक्का एकेक खुबूस घ्यायचा, मधोमध फाडायचा, अर्धा इकडे, अर्धा तिकडे. "आधा आधा, सबको मिलेगा." पैसे पुढे केले तर हात झटकायचा. उधारीची वही त्याने काढलीच नाही.

आता योगायोग बघा. तीनच दिवस आधी, १४ एप्रिलला, पुनरुत्थानकाळाचा तिसरा रविवार होता. त्या दिवशीचं वाचन लूकच्या चोविसाव्या अध्यायातलं. ते सुरूच होतं तिथून, जिथे अम्माऊसहून धावत परत आलेले ते दोघे इतरांना सांगतात की भाकर मोडताना आम्ही त्याला ओळखलं. यार्मूकच्या एसीत बसून मी ते ऐकलं होतं आणि मनातल्या मनात 'हो, माहीत आहे' म्हटलं होतं. बुधवारी जिन्यात माझ्या हातात अर्धा खुबूस आला आणि पायऱ्यांवर मी जरा वेळ तसाच उभा राहिलो.

पण इथे मला एक अडचण आली. इक्का मुसलमान आहे. शेजारी उपाशी असताना आपण जेवू नये ही शिकवण त्याच्या धर्माने त्याला दिलेली आहे, ती त्याने पाळली. त्याच्या चांगुलपणावर मी 'ख्रिस्त' अशी चिठ्ठी डकवणं म्हणजे एका अर्थी त्याचा माल माझ्या नावावर खपवणं. उद्या त्याने मला सांगितलं की तू मनाने मुसलमान आहेस, तर मला कसं वाटेल? बरेच दिवस मी यावर विचार केला. माझ्यापुरतं उत्तर असं सापडलं, की ओळख पटणं हे माझ्या डोळ्यांबद्दलचं विधान आहे, इक्काबद्दलचं नाही. त्याने जे केलं ते त्याचं आणि त्याच्या देवाचं. मला त्यात कोण दिसला हे मी त्याच्यावर लादू नये, पण स्वतःपासून लपवूही नये. घरी वाचणाऱ्यांना नाथांची गोष्ट आठवेल. काशीहून रामेश्वराला नेत असलेल्या कावडीतली गंगा एकनाथांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला पाजली आणि त्यांचा रामेश्वर तिथेच भेटला, असं सांगतात. रेव्हरंड टिळकांनी तर, आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं सांगून ठेवलंय. या पुलांवर जकात नाके बसवायची गरज नाही, असं मला वाटतं.

गोष्ट इथेच संपली असती तर मी हा लेख लिहिला नसता. कारण तोपर्यंत मी ख्रिस्ताला वाढणाऱ्याच्या जागी बघत होतो.

मंगळवार रात्रीपासून आमच्या जिन्यात एक माणूस सतत चढ-उतार करत होता. पाच गॅलनच्या पाण्याच्या बाटल्या, म्हणजे जवळपास एकोणीस लिटर, खांद्यावर घेऊन. टँकर जिथपर्यंत येऊ शके तिथून कमरेएवढ्या पाण्यातून आणायच्या आणि वर पोचवायच्या. सातव्या मजल्यावरच्या मंगळूरकरांकडे दिवसातून दोनदा, मग बाळंतीण होती तिच्याकडे, मग ज्याने हाक मारली त्याच्याकडे. तो मसीह होता. कुणी त्याला नेमलं नव्हतं.

गुरुवारी दुपारी चेची कामावरून चालत परतली, तर तिसऱ्या मजल्याच्या वळणावर तो भिंतीला टेकून बसलेला. बाटली शेजारी. डोळ्यांपुढे अंधारी आली होती. चेचीने नाडी बघितली, साखर तपासली आणि तिच्या मोडक्या हिंदीत विचारलं, "खाना कब खाया?" तो बराच वेळ बोललाच नाही. मग खिशातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला अर्धा खुबूस काढून दाखवला. आदल्या संध्याकाळचा. आजच्या रात्रीसाठी ठेवलाय, म्हणाला.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्याच्या कंपनीने चार महिने पगार दिला नव्हता, मग कामच बंद झालं, व्हिसा संपला. मुदत संपल्यावर दिवसाला ५० दिरहम दंड चढत राहतो, त्यामुळे परत जायचीही सोय नाही. कित्येक आठवडे तो दिवसातून एकदाच जेवत होता. बेडस्पेसमध्ये प्रत्येकाचा पडदा लावलेला असतो, पलीकडच्याचं ताट कुणाला दिसत नाही. पाऊस झाला नसता तर हे कुणालाच कळलं नसतं.

मत्तयचा तो अध्याय मला तिथे जिन्यात नव्याने समजला. त्या अध्यायात ख्रिस्त वाढणाऱ्याच्या बाजूला नाहीच. तो भुकेल्याच्या बाजूला आहे. तो परका आहे, तहानलेला आहे, कोठडीत आहे. आणि आमच्या इमारतीत तो तीन दिवस, उपाशीपोटी, आम्हालाच पाणी पाजत होता. नाव तर त्याचं सगळ्यांच्या तोंडी होतंच! रोज आम्ही हाक मारत होतो, "मसीह, जरा इकडे आण." हे सुचवून लिहिलंय असं कुणाला वाटेल, पण रोल्लात मसीह नावाची माणसं पुष्कळ भेटतात.

रविवारी, २१ तारखेला, रस्त्यांवर पाणी होतं, चर्चला जाणं जमलं नाही. वसईला फोन लावला. आईने नेहमीचा प्रश्न विचारला, "देवळात गेलास का?" मी सगळी हकिगत सांगितली. अम्माऊस, खुबूस, मत्तय, माझं सगळं चिंतन. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण आता तो माणूस जेवतो ना?"

जेवत होता. मंगळूरच्या बाईंनी त्याचा डबा सुरू केला, पैशांचा विषय काढला की त्यांना ऐकू यायचं नाही. कुयाच्या प्रार्थना गटाने गल्ला ठेवला, त्यात इक्काचेही पैसे होते. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने मुदत संपलेल्यांसाठी माफी योजना काढली, आधी दोन महिने, मग वाढवून डिसेंबरअखेरपर्यंत. दंड माफ, परत यायलाही बंदी नाही. चेचीने त्याला रांगेत नेऊन उभं केलं, कागदपत्रं मी भरली. ऑक्टोबरात तो घरी गेला. चार महिन्यांचा पगार मात्र बुडाला तो बुडालाच. तो मिळाला असं खोटं लिहून लेख गोड करण्यात अर्थ नाही.

या किनाऱ्यावर ख्रिस्ती माणसं काही विमानाने पहिल्यांदा आलेली नाहीत. अबू धाबीच्या सर बनी यास बेटावर १९९२ साली एका जुन्या मठाचे अवशेष सापडले. नोव्हेंबर २०२२ मध्ये उम्म अल कुवेनजवळ, शारजापासून फार लांब नाही, सिनिया बेटावर आणखी एक मठ सापडल्याचं जाहीर झालं. सुमारे चौदाशे वर्षांपूर्वीचा. तिथे पाण्याच्या टाक्या निघाल्या, बाप्तिस्म्याचं कुंड निघालं आणि भाकर भाजायची भट्टीही निघाली. भट्टी रोजच्या जेवणाची की मिस्सेच्या भाकरीची, हे ठरवणं कठीण. बहुधा त्या साधूंना हा प्रश्नच पडला नसावा.

५ फेब्रुवारी २०१९ ला पोप फ्रान्सिस यांनी अबू धाबीच्या झायेद स्पोर्ट्स सिटीत मिस्सा अर्पण केली, दीड लाखांहून जास्त लोक आले होते. अरबी द्वीपकल्पावर पोपने पाऊल ठेवण्याची ती पहिलीच वेळ. ते चित्र सगळ्या जगाने बघितलं, आणि बघण्यासारखंच होतं. पण परदेशातल्या माणसाची श्रद्धा स्टेडियमवर फार दिवस जगत नाही. तिला रोजचं काहीतरी लागतं.

मी अजूनही दर रविवारी यार्मूकला जातो. दिवा बघतो, बरं वाटतं. ख्रिस्त भाकरीत आहे ही श्रद्धा त्या पावसाने कमी झाली नाही, उलट घट्ट झाली. फक्त आता मिस्सेच्या शेवटी "शांतीने जा" म्हटलं की ते मला निरोपासारखं वाटत नाही, पत्ता सांगितल्यासारखं वाटतं.

मसीहचे मेसेज दर रविवारी सकाळी येतात. गुलाबाची फुलं, चकाकणारी अक्षरं आणि मधोमध निळ्या डोळ्यांचा, सोनेरी केसांचा येशू. हा येशू मी काही कधी रोल्लात पाहिलेला नाही. खाली मसीहचा एकच प्रश्न असतो, "सर, लिफ्ट चल रही है?"

चालू आहे, म्हणून कळवतो.